नकारावरचा गूळ

ब्रह्मदेवाने माणसाच्या काळजात उमेद घातली आणि लगेच त्याला आपली चूक उमगली असावी; ती दुरुस्त करण्यासाठी त्याने आमच्या हिच्या मामांना साताऱ्यास जन्माला घातले. असा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि देवाच्या कृपेने पुढेही पाहण्याची पाळी येऊ नये. कोणी काही करायला निघाला आहे अशी नुसती कुणकुण लागली, की घरापुढच्या ओट्यावर पेंगत बसलेले मामा ताठ होत, चष्मा कपाळावर चढवत आणि म्हणत, "हं. म्हणजे करायचं ठरवलंच आहे म्हणा की." या 'म्हणा की'ने समोरच्याचे निम्मे अवसान गळत असे. उरलेले निम्मे गळायला फार वेळ लागत नसे, कारण पुढे काय काय वाईट होईल याची मामांना इतकी बारीकसारीक माहिती असे, की जणू ते सगळे आधी त्यांच्याच घरी घडून गेले आहे. आणि समोरचा पुरता गारठला, की मामा चष्मा खाली ओढून म्हणत, "बघा बुवा, मी आपलं सांगून ठेवलं." जणू उपकारच केले!

मी त्या काळी सांगलीच्या एका हायस्कुलात इंग्रजी शिकवीत असे. मॅट्रिकच्या वर्गाला 'डिस्करेज' हे क्रियापद दर वर्षी छळत असे, आणि वर्ग मला. कोशात 'नाउमेद करणे' असा अर्थ दिलेला. पोरे तो 'मना करणे' असा समजून चालत आणि वाक्यात उपयोग करताना लिहीत, की वडिलांनी मला तमाशाला जाण्यापासून डिस्करेज केले. आणि खोदून विचारावे तर वडिलांनी खुंटीवरचा चाबूक काढलेला असे! माझे माथे भडके. "अरे गाढवांनो," मी म्हणे, "चाबूक काढल्यावर कसलं डिस्करेज? ती मनाई झाली. मनाई करणारा माणसाचे पाय बांधतो. डिस्करेज करणारा पाय मोकळे ठेवतो, फक्त गुडघ्यांतलं बळ काढून घेतो. दार उघडंच असतं, 'जा की' असंही तो तोंडाने म्हणतो, आणि जाणारा उंबऱ्यावरच बसकण मारतो." एवढे सांगूनही पोरांच्या चेहऱ्यावरची माशी हलत नसे. मग मी फळ्यावर वाक्य लिही : माझ्या बायकोच्या मामांनी मला लग्न करण्यापासून डिस्करेज केले. वर्ग खो खो हसे, आणि ते क्रियापद त्यांच्या डोक्यातून पुन्हा जात नसे.

त्या वाक्यात अतिशयोक्तीचा लवलेशही नव्हता. हिचे आईवडील ही लहान असतानाच गेले. मामा-मामींना मूलबाळ नव्हते, त्यांनीच हिला वाढवले. मी हिला पाहायला साताऱ्यास गेलो, तेव्हा मुलीकडचे म्हणून बोलायला मामाच. मुलीकडचे लोक अशा वेळी काय बोलतात, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. भरतकाम दाखवतात, चिवडा तिनेच केला म्हणून सांगतात. मामा म्हणाले, "मास्तर, मुलगी तशी बरी आहे. पण हट्टी आहे. वाचायचं वेड आहे, त्यापायी आमटी करपते. हिच्या आईला चष्मा लवकर लागला होता, हिलाही लागेल. साताऱ्याची हवा हिला मानवली आहे, सांगलीचं पाणी मानवेलच असं नाही. बघा बुवा, मी आपलं सांगून ठेवलं." दाराआडून ही सगळे ऐकत होती. मला संताप आला. घरून निघताना 'कळवतो' असे म्हणून परतायचे ठरवले होते, त्याऐवजी मी ताडकन उभा राहून "मुलगी मला पसंत आहे!" असे इतक्या मोठ्याने ओरडलो, की शेजारची माणसे काय झाले म्हणून बाहेर आली. मामांनी कपाळावर हात मारला. मी चपला पायांत सरकवत होतो, तेवढ्यात आत डब्याचे झाकण वाजले आणि मामी हलकेच बाहेर आल्या. ठेंगणी, सावळी, बोलताना पदराशी चाळा करणारी बाई. त्यांनी माझ्या तळहातावर गुळाचा खडा ठेवला आणि म्हणाल्या, "खा, आणि मग जा. चांगलं होईल."

हा त्या घरचा रिवाजच होता, हे मला जावई झाल्यावर कळले. मामा ओट्यावर बसून नाही म्हणायचे आणि मामी जाणाऱ्याच्या हातावर गूळ ठेवायच्या. मामींचे बोलणे एवढेच. पण मामांनी ओट्यावर तासभर जे उद्ध्वस्त केले असेल, ते त्या खड्याबरोबर पुन्हा उभे राही. गंमत अशी, की पेठेतल्या लोकांनी याचे सगळे श्रेय मामांच्या नकाराला दिले! पेठेच्या तोंडाशी एकाने हॉटेल काढले, तेव्हा मामा त्याला म्हणाले होते, "साताऱ्यात चहा घरी मिळतो. तो विकत प्यायला कोण येणार? आले तर उठणार नाहीत." लोक आले, आणि खरेच उठेनात, इतके ते हॉटेल चालले. शेजारचा एक गडी पलटणीत भरती व्हायला निघाला. "बंदूक पेलायची नाही तुला," मामा म्हणाले. तो ब्रह्मदेशाच्या लढाईतून हवालदार होऊन परतला आणि घरी आईला भेटण्याआधी त्याने मामांच्या ओट्यापुढे खाडकन सलाम ठोकला. झाले! मामांचा नकार हा शुभशकुन ठरला. काही करायचे तर आधी गणपतीला नारळ आणि मग मामांचा नकार, अशी पद्धतच पडून गेली. "नकार घेतलात का?" असे लोक एकमेकांना खुशाल विचारू लागले.

एकदा मी तिथे असताना कोरेगावकडचा एक शेतकरी आला. पटका काढून मांडीवर ठेवत म्हणाला, "आवं मामा, औंदा हिर पाडावी म्हंतोय. तुमी काय म्हंता?"

"पाडा की," मामा म्हणाले. "पाणी लागायचं नाही."

"न्हाई लागायचं?"

"लागलं तर मचूळ लागेल. गोड लागलं तर भाऊबंद वाटणी मागायला येतील. वाटणी नाही मागितली तर पोहायला पोरं येतील, त्यांतलं एखादं बुडेल, आणि तुम्ही कचेरीत खेटे घालत बसाल. बघा बुवा."

गड्याचे तोंड आनंदाने फुलले. "झ्याक! मामा न्हाई म्हनलं, आता मला कशाचं बी भ्या न्हाई."

"अहो, मी नको म्हणतोय तुम्हाला!" मामा कडाडले.

"व्हय की! म्हनून तर पंचांगवाल्याकडं न जाता नीट तुमच्याकडं आलूया. लय गुण हाय तुमच्या नकाराला."

आत डब्याचे झाकण वाजले. मामींनी गूळ दिला, गडी गेला. पुढच्या खेपेला तो बैलगाडीतून गुळाची अख्खी ढेप घेऊन आला आणि त्याने ती ओट्यावर उतरवली, कारण विहिरीला पाणी लागले होते, आणि गोड लागले होते. मामांनी त्या ढेपेकडे पाहिलेही नाही. "हा माणूस माझी चेष्टा करायला आला होता," असे ते मला वारंवार सांगत राहिले. त्यांचाही संताप खरा होता. हा माणूस ढोंगी असता तर मी त्याला केव्हाच माफ केले असते. पण त्यांना विहीर कोरडी दिसत होती, हॉटेल ओस दिसत होते, माझा संसार सांगलीच्या पाण्यात बुडताना दिसत होता! आभाळ निरभ्र असले तरी बगलेत छत्री असायची आणि छत्री असली तरी ती वाऱ्याने उलटी होईल याची खात्री असायची. मी सांगलीला परत निघालो की ते सातारा रोड स्टेशनापर्यंत पोचवायला येत आणि वाटभर, गाडी चुकेल कशी, हे समजावून सांगत. त्यांच्या त्या सांगण्यापायी एकदा खरोखरच चुकली.

मामी आषाढात गेल्या. साध्या तापाचे निमित्त झाले. आम्ही सांगलीहून पोचेपर्यंत सगळे आटोपले होते, आणि ओट्यावर मामा छत्री मांडीवर आडवी धरून बसले होते. हिने त्यांच्या पायांवर डोके ठेवले तेव्हा ते एवढेच म्हणाले, "बरी होईल असं मला वाटलं होतं." जन्मात एकदा त्यांना काही चांगले होईल असे वाटले, आणि तेच चुकले.

मॅट्रिकला बसायचे हे हिच्या मनात लग्नाआधीपासून होते. ते राहून गेले होते. त्या वर्षी हिने ठरवले, बाहेरून बसायचे. स्वयंपाक आटोपला की ही पुस्तके घेऊन बसायची. आमटी करपायचीही, तेवढे मामांचे खरे ठरले. दिवाळीला आम्ही साताऱ्यास गेलो, तेव्हा ही मामांच्या पुढ्यात जाऊन बसली. लहानपणी प्रत्येक परीक्षेला हिने मामांचा नकार घेतला होता. चौथीला मामा म्हणाले होते, "गणितात गेलीस तू," आणि ही पहिली आली होती. त्यामुळे हिने हात जोडून सांगितले, "मामा, मॅट्रिकला बसते आहे." आणि वाट पाहत राहिली.

मामा म्हणाले, "बस. होशील पास."

हिचा चेहरा पाहण्यासारखा झाला! लढाई संपली तरी कोळशाच्या गॅसवर धापा टाकत चालणाऱ्या त्या सर्व्हिस मोटारीत ही वाटभर मला एकच विचारत राहिली, "हो म्हणाले ना?". सांगलीला आल्यावर हिने पुस्तके फडक्यात बांधून माळ्यावर टाकली. "मामांनी हो म्हटलं," ही म्हणाली. "आता माझं काही खरं नाही." मी इंग्रजीचा मास्तर. उत्तेजन देणे हा माझा धंदा. मी हिला थोर स्त्रियांचे दाखले दिले, रागावलो, समजावले, एकदा तर इंग्रजीतून भाषण केले. पालथ्या घड्यावर पाणी! तिकडे साताऱ्यातही हाहाकार उडाला होता म्हणे. जो जाईल त्याला मामा "करा, होईल" म्हणू लागले होते. हॉटेलवाल्याने शेजारचा गाळा घ्यायचे रद्द केले, कोणी मुलीची सोयरीक पुढे ढकलली. ज्या माणसाला साऱ्या हयातीत नकार देऊन कोणाला थांबवता आले नाही, त्याने होकार देऊन अख्खी पेठ थांबवली. याला काय म्हणावे?

परीक्षा जवळ येत चालली आणि माझा धीर सुटला. माघात मी हिला घेऊन सरळ साताऱ्यास गेलो आणि पाणीसुद्धा न पिता मामांना फैलावर घेतले. "मामा, तुम्ही अख्ख्या साताऱ्याला नाही म्हणालात. मला नाही म्हणालात, तेही बघायला आलो तेव्हा! आणि घरच्या पोरीला एक नाही म्हणवत नाही तुम्हाला? तिने पुस्तकं बांधून ठेवली आहेत. तिचं वर्ष जाईल. आणि या वर्षी उठली तर ती पुन्हा बसायची नाही, हे मी लिहून देतो."

मामांनी चष्मा कपाळावर चढवला नाही. खालीच राहू दिला. छत्रीच्या मुठीवर हात फिरवला. मग म्हणाले, "जावईबापू, मी नाही म्हणायचो ते कोणाच्या जिवावर? मला जी भीती दिसायची ती मी बोलून टाकायचो. मागे ती होती. मी पाठ करून बसायचो, पण डब्याचं झाकण वाजलेलं मला ऐकू यायचं. झाकण वाजलं की मलाही जरा बरं वाटायचं. आता एखादा माझा नुसता नकार घेऊन गेला तर काय करायचं?"

ही खाली मान घालून बसली होती. मामा हिच्याकडे न पाहताच पुढे बोलले. "तिला एकदा महाबळेश्वर पाहायचं होतं. आमचं लग्न झालं त्या सुमाराची गोष्ट. मी काही जाऊ नको म्हटलं नाही. जा की, म्हटलं. पावसात धुकं असतं, काही दिसायचं नाही. उन्हाळ्यात साहेबलोकांची गर्दी. थंडीत घाटात तुझी छाती भरून येईल. ती 'बरं' म्हणाली. पुन्हा कधी विषय काढला नाही तिने. सगळ्या जगाला माझ्या नकारावर तिने गूळ दिला हो. तिच्या हातावर ठेवायला घरात कोण होतं?"

मला राग आला. आजवर मामांच्या नावाने मी पुष्कळ आदळआपट केली होती, तिच्यात निम्मी करमणूक होती. हा राग तसा नव्हता. साताऱ्याच्या मोटारअड्ड्यावरून रोज गाडी सुटते, आणि ही बाई जन्मभर साताऱ्यात राहून घाट चढली नाही! कोणी अडवले होते? कोणीच नाही. मामांनी मनाई केली असती तर मामी भांडल्या तरी असत्या, रुसल्या असत्या, माहेरच्यांकडे गाऱ्हाणे केले असते. 'जा की' म्हणणाऱ्याशी भांडायचे तरी कसे? साऱ्या पेठेने ज्या बोलण्याचा शकुन केला, ते त्या एकट्या बाईने खरे मानले. मामांना गदागदा हलवावेसे वाटले. पण समोर बसलेला म्हातारा आधीच इतका हललेला होता, की मी नुसता खाकरलो.

उठली ती ही. पदर खोचून आत गेली, आणि आत डब्याचे झाकण खणकन वाजले. तिथूनच ही ओरडली, "मामा, वाजलं झाकण. आता म्हणा!"

मामा दचकले. मग हळूहळू ताठ झाले. चष्मा कपाळावर गेला. "इंग्रजीत जाशील तू," ते म्हणाले. आवाज आधी फाटला, मग लागला. "नवरा इंग्रजीचा मास्तर आहे त्या घमेंडीत राहू नकोस. दिव्याखाली अंधार असतो. याचं इंग्रजी यालाच कळत नाही, तुला काय शिकवणार? भूगोलात नद्या चुकशील. पेपराच्या दिवशी टाक गळेल. आणि पास झालीस तरी पुढे काय? आमटी करपायची ती करपणारच!" मामांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि तोंडाचा पट्टा थांबत नव्हता. दारात उभी राहून ही रडत होती आणि हसतही होती. मी मात्र माझ्या इंग्रजीचा उद्धार ऐकून चडफडत बसलो. मग मामा स्वतः उठले, आत गेले, आणि कधी कोणाला काही दिलेले नसल्यामुळे अवघडून, दोन बोटांत धरून आणलेला गुळाचा खडा त्यांनी हिच्या हातावर ठेवला. गूळ जुना होता, काळा पडला होता. मामींच्याच डब्यातला तो. ही त्या वर्षी पास झाली, हे सांगून टाकतो. इंग्रजीत काठावर, आणि 'दिव्याखाली अंधार' हे वाक्य मला मामांच्या तोंडून पुढे किती वेळा ऐकावे लागले, ते विचारू नका.

पण सांगायचे आहे ते त्याच दिवशीचे. मामा आम्हाला मोटारअड्ड्यावर पोचवायला आले. आमची सातारा रोडची गाडी सुटायला आली होती, आम्ही आत बसलो होतो, आणि शेजारी दुसरी मोटार उभी होती. तिचा कंडक्टर पायरीवर लोंबकळत "वाई, पाचगणी, म्हाबळेश्वर!" असा पुकारा करत होता. मामा तिकडे पाहत राहिले. मी खिडकीतून म्हटले, "मामा, जाऊन या की एकदा."

"छे," मामा म्हणाले. "आता कशाला? वर थंडी असेल. या वयात घाट सोसायचा नाही. आणि पाहायचं तरी कोणाबरोबर..." ते मध्येच थांबले. हिने हातातला गूळ, अजून न खाल्लेला, दाताने तोडला आणि त्यातला अर्धा खिडकीतून मामांच्या तळहातावर ठेवला. "खा, आणि मग जा," ही म्हणाली. "चांगलं होईल."

मामांनी तो खाल्ला नाही. मूठ मिटून, बगलेत छत्री धरून ते तसेच उभे राहिले. आमची गाडी हलली, तेव्हा ते त्या कंडक्टरशी भांडत होते.

"परतीची गाडी मिळेल का हो?"

"मिळंल की! बसा तुमी मामा."

"मिळायची नाही. आणि वर धुकं असेल, काही दिसायचं नाही."

"आवं, माघात कुठलं आलंय धुकं!"

"असेल. मी आपलं सांगून ठेवलं," असे म्हणत मामांनी छत्री आधी आत टाकली, आणि मिटलेली मूठ छातीशी धरून, दुसऱ्या हाताने दांडी पकडून ते मोटारीची पायरी चढले.